मामांनी दोनदा सांगितलं होतं

नागापूर एमआयडीसीत माझं छोटं वर्कशॉप आहे. पत्र्याचे ब्रॅकेट आणि वॉशर बनवतो. अकरा माणसं, तीन पॉवर प्रेस, एक शिअरिंग मशीन आणि कोपऱ्यात काचेची केबिन, जिथे मी बसतो. सर्वांत जुन्या ऑपरेटरला सगळे मामा म्हणतात, मीही म्हणतो.

तीन वर्षांपूर्वी मामा केबिनच्या दारात येऊन म्हणाले, "शेठ, दोन नंबरच्या प्रेसचा क्लच सरकतोय. पेडलवरून पाय काढला तरी कधीमधी दुसरा ठोका मारते. दोन दिवस बंद ठेवू." मी म्हटलं, "मामा, एवढी ऑर्डर जाऊ द्या, मग बघू." चार दिवसांनी ते परत आले. मी फोनवर होतो, हातानेच 'थांबा' केलं. थोडा वेळ थांबले आणि गेले. त्याच आठवड्यात त्या प्रेसवर पाथर्डीकडच्या एका पोराचं उजव्या हाताचं बोट गेलं. दोन पेरं. वय एकवीस.

ईएसआयसी होतं, उपचार झाले, पगार मी चालू ठेवला. हे सांगायला बरं वाटतं, म्हणून मीही कितीतरी दिवस लोकांना आधी हेच सांगायचो. दवाखान्यात तो पोरगा जे बोलला ते सांगत नव्हतो. तो म्हणाला, "शेठ, मलाबी कळलं होतं मशीन गडबड करतंय. पण मामांचं ऐकलं नाही, तर माझं कोण ऐकणार?"

त्याचे आईवडील ऊसतोडीला जातात. दरसाल मुकादमाकडून उचल घ्यायची आणि दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन निघायचं. याच आपल्या जिल्ह्यात लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी साखर कारखाना उभा केला, १९५० साली त्याचा पहिला गळीत हंगाम सुरू झाला. एक सभासद, एक मत. दहा शेअर असोत की एक, मत एकच. शेतकऱ्याला कारखान्याच्या कारभारात आवाज देणारी ती केवढी मोठी गोष्ट होती! पण ऊस तोडणारा सभासद नसतो. कुठल्या फडात जायचं, गाडी कधी भरायची, हे त्याला सांगितलं जातं. तोडणीचा दर ठरतो तो साखर संघ आणि संघटनांचे पुढारी यांच्या बैठकीत. अशा घरात वाढलेल्या पोराला 'तुला काय वाटतं?' हा प्रश्न आयुष्यात कुणी विचारला असेल? आमच्याकडे दोन वर्षं काम करताना मी तरी विचारला नव्हता.

कायद्याने मला विचारायची सक्ती नव्हती. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात मालक-कामगारांच्या वर्क्स कमिटीची तरतूद होती, पण शंभर किंवा जास्त कामगार असतील तिथे. १९७६ मध्ये घटनेत ४३-क हे कलम आलं, उद्योगाच्या व्यवस्थापनात कामगारांचा सहभाग असावा म्हणून. ते मार्गदर्शक तत्त्वांत आहे, म्हणजे कोर्टात जाऊन मागता येत नाही. अकरा माणसांच्या शेडपर्यंत यातलं काहीच पोचत नाही.

आपल्याकडे मात्र ते आधीपासून आहे. कुरआनात एका सूरेचं नावच 'शूरा' आहे, म्हणजे सल्लामसलत. त्यातल्या अडतिसाव्या आयतीत ईमानवाल्यांची लक्षणं येतात. आधी नमाज, मग आपसातला मशवरा, मग अल्लाहने दिलेल्यातून खर्च करणं. मी नमाज पढतो, जकात काढतो. मधलं गाळलं होतं. मशवरा म्हटलं की आपल्याला मशिदीचे ट्रस्टी आठवतात, नाहीतर लग्न जमवणारे मामू-चाचा. दुकानात, कारखान्यात त्याचं काय काम, असंच मलाही वाटायचं.

अपघातानंतर दर शनिवारी शेवटचा अर्धा तास मशीन बंद ठेवायला लागलो. चहा, भजी आणि बोलणं. पहिले दोन शनिवार नुसती भजी संपली. तिसऱ्या वेळी मामांनी विषय काढला, की पत्र्याचा साठा दाराजवळ ठेवला तर दिवसातल्या निम्म्या फेऱ्या वाचतील. वाचल्या. मग एकेकजण उघडायला लागला. कोणता हातमोजा निसटतो, कुठे उजेड कमी पडतो. आणि एक नियम ठरला, मशीनबद्दल शंका आली तर कुणीही स्विच बंद करायचा, मला विचारायला यायचं नाही.

मागच्या वर्षी रमजान मार्चमध्ये आला. अकरापैकी सहाजण रोजेदार. सगळ्यांनी मिळून ठरवलं, सकाळी सहा ते दोन, मधली जेवणाची सुट्टी नाही. रोजा नसलेल्या पाचांनीही खुशीने मान्य केलं. पहिल्याच आठवड्यात घोळ झाला. कच्चा माल घेऊन येणारा टेम्पो दुपारी तीनला यायचा आणि उतरवायला कुणी नसायचं. मार्च एंडची घाई, दोन डिलिव्हरी चुकल्या, चाकणच्या कंपनीने बिलातून पैसे कापले. मी घरी येऊन म्हटलं, पुरे झाली ही लोकशाही. ईदनंतर शनिवार बंद.

त्या जुम्याला मौलानांच्या बयानात उहुद आलं. इसवी सन ६२५. पैगंबरांचं (स.) मत मदिन्यात राहूनच बचाव करावा असं होतं, तरुणांचा आग्रह बाहेर पडण्याचा. त्यांनी तो मानला. सत्तरच्या आसपास साथी शहीद झाले, ते स्वतः जखमी झाले. आणि त्या पराभवानंतर जी आयत उतरली, सूरे आले-इम्रानमधली, तिच्यात हुकूम काय? त्यांना माफ करा आणि त्यांच्याशी मशवरा करत राहा. मी आधी कितीदा ऐकलं होतं हे! त्या दिवशी मात्र आणखी एक गोष्ट डोक्यात घुसली. उहुदचा घात मशवऱ्याने झालाच नव्हता. टेकडीवरच्या तिरंदाजांनी सांगितलेली जागा सोडली, म्हणून झाला.

मग माझी टेकडी कुणी सोडली होती? टेम्पो तीनला येतो हे मला ठाऊक होतं. डिलिव्हरीच्या तारखा माझ्या ड्रॉवरमधल्या रजिस्टरात होत्या. त्या शनिवारी मी सगळ्यांची मतं विचारली आणि रजिस्टर ड्रॉवरमध्येच ठेवलं. 'बघू, यांना काय सुचतंय' असा थोडा मालकी मजाही त्यात होता, खोटं कशाला बोलू. अर्धी माहिती देऊन पुरं मत मागितलं आणि बिघडल्यावर दोष त्यांच्या पदरात घातला.

यंदा रमजानच्या आधी रजिस्टर टेबलावर उघडं ठेवलं. बराच वेळ पानं उलटली गेली. बोट गेलेला तो पोरगा आता माल तपासणीवर आहे. तो म्हणाला, "मी आन् मामा दहाला येतो, सहापर्यंत थांबतो. टेम्पो आम्ही उतरवतो. तुम्ही लोक दोनला जा, रोजा आहे." महिनाभर एकही डिलिव्हरी चुकली नाही.

गेल्या शनिवारी त्यानेच पुन्हा विचारलं, "शेठ, तुमच्याकडं नफ्या-तोट्याची बी वही असंल ना? ती पण कधी टेबलावर येणार का?" भज्यांच्या कागदाकडे बघत सगळे गप्प. मामांनी कप खाली ठेवला. मी म्हटलं, पुढच्या शनिवारी बोलू.

तो शनिवार उद्या आहे. वही आत्ता माझ्यासमोर आहे.