इंग्रजी कुणाची?

बी.एड. झालेली माझी मैत्रीण दक्षिण कोरियात इंग्रजी शिकवायला निघाली. एजंट म्हणाला, पैसे भरा, खाजगी क्लासमध्ये लावून देतो. मी नियम वाचले. खाजगी क्लासला अमेरिका, ब्रिटनसह सात देशांचेच नागरिक चालतात. त्यांना पदवी कुठल्याही विषयाची पुरते. भारतीयांना 2010 पासूनच्या व्यापार करारानं सरकारी शाळेत सहायक शिक्षकाची वाट दिली, तीही अध्यापनाचं प्रमाणपत्र असेल तरच.

जन्मावरून लायकी ठरवणं आपल्याला नवं आहे का?

मी म्हटलं, "अगं, योग्य व्हिसा नसताना शिकवशील, तर पगार बुडाला तरी दाद मागायला घाबरशील. सरकारी शाळेतच अर्ज कर."

वाट अरुंद आहे. पण हक्क जिथं कागदावर आहे, तिथूनच भांडता येतं.