सिंहस्थाचे चित्र आणि मल्टिकास्टची वाट

नाशिकच्या द्वारका चौकात पुण्याचा रस्ता मुंबई-आग्रा महामार्गाला मिळतो. २०२७च्या सिंहस्थात इथल्या गर्दीचे चित्र पोलीस, महापालिका, रेल्वे आणि आपत्ती व्यवस्थापन या सगळ्यांना एकाच क्षणी लागेल. एका कॅमेऱ्याचा प्रवाह ४ मेगाबिटचा आणि सगळीकडचे मिळून २० पडदे धरले, तर पडद्यागणिक वेगळी प्रत पाठवणाऱ्या युनिकास्टमध्ये कॅमेऱ्याकडच्या जोडणीवर ८० मेगाबिटचा भार पडतो. मल्टिकास्टमध्ये तिथून एकच प्रत निघते आणि वाटा फुटतात तिथे राऊटर तिच्या प्रती काढतो. स्टीव्ह डीअरिंग यांनी १९८९ मध्ये आरएफसी १११२ या इंटरनेटच्या मानक दस्तऐवजात ही पद्धत मांडली. तिची काटकसर सर्वांना दिसते. मला तिच्यातली समान वाटणी अधिक मोलाची वाटते.

याचा पुरावा मुंबईत आहे. नॅशनल स्टॉक एक्स्चेंजच्या को-लोकेशन सुविधेत, म्हणजे दलालांची यंत्रे बाजाराच्याच आवारात ठेवण्याच्या सोयीत, प्रत्येक सौद्याची माहिती आधी टीसीपी जोडण्यांवरून ओळीने जात असे, म्हणजे आधी जोडला गेलेल्याला आधी मिळण्याची सोय होती. २०१४ मध्ये तिथे मल्टिकास्ट आले. सेबीच्या २०१९च्या आदेशात या रचनेची सविस्तर चिकित्सा आहे. त्यातला रक्कम वसुलीचा भाग अपील न्यायाधिकरणाने २०२३ मध्ये रद्द केला, पण माहिती कोणत्या पद्धतीने वाटली जाते यावर न्याय्यता अवलंबून असते, हा धडा कायम आहे.

समान वाटणी आपोआप मात्र होत नाही. शेजारी राऊटरांचे आधी जमावे लागते. दोन्ही बाजूंच्या इंटरफेसवर मल्टिकास्टच्या वाटा जोडणारा पिम स्पार्स मोड चालू हवा, पडद्यांच्या बाजूला कोणता प्रवाह हवा ते राऊटरला कळवणारे आयजीएमपी हवे आणि उगम व मागणी जिथे भेटतात तो रॉन्देव्हू पॉइंट कोणता यावर एकमत हवे. संस्था वेगळ्या असतील तर त्यांच्या रॉन्देव्हू पॉइंटांमध्ये उगमांची खबर देणारे एमएसडीपी जोडावे लागते. बहुतेक घोळ आरपीएफ तपासणीत, म्हणजे पॅकेट योग्य बाजूने आले का हे पाहण्यात, होतो. पुण्याहून आलो म्हणणारा ट्रक द्वारकेला आडगावच्या बाजूने शिरला, तर पोलीस त्याला हटकणारच. राऊटरही पॅकेट उगमाकडे जाणाऱ्या इंटरफेसवरूनच आले का, हे पाहतो आणि तसे नसेल तर गुपचूप टाकून देतो. उगमाकडे जाणारी वाटच ठाऊक नसेल, तर मल्टिकास्ट तक्त्यात इनकमिंग इंटरफेसपुढे ‘नल’ आणि आरपीएफ शेजाऱ्यापुढे ०.०.०.० दिसते. शेजारी जोडलेला, नोंद हजर, पडदा मात्र काळा.

मल्टिकास्ट यूडीपीवर चालते, हरवलेले पॅकेट परत मिळत नाही, हा आक्षेप खरा आहे. शेअर बाजारात त्यासाठी पॅकेटांना क्रमांक देतात आणि दोन समांतर प्रवाह सोडतात. कॅमेऱ्याच्या चित्रात एखादी फ्रेम चुकली तरी काम अडत नाही. दुसरा आक्षेप असा, की खुल्या इंटरनेटवर मल्टिकास्ट रुजलेच नाही. तिथे प्रत्येक जण आपल्या सवडीने वेगळे काही पाहतो आणि मधली जाळी अनेक मालकांची असतात. सिंहस्थात मोजक्या, ओळखीच्या संस्थांना एकच चित्र एकाच वेळी हवे आहे. प्रत्येक कॅमेऱ्याचा पत्ता आधीच माहीत असल्याने २३२ने सुरू होणारे पत्ते वापरून उगमनिष्ठ मल्टिकास्ट करावे. मग रॉन्देव्हू पॉइंट आणि एमएसडीपी दोन्ही लागत नाहीत. त्यासाठी पडद्यांकडची यंत्रणा आयजीएमपीची तिसरी आवृत्ती जाणणारी हवी. ही अट खरेदीच्या निविदेतच घालावी आणि संस्थांच्या सीमेवरच्या राऊटरांची आरपीएफ तपासणी पर्वणीच्या कित्येक महिने आधी उरकावी.