पाणबुड्यांसह अंदमानास

प्रवासाचें सामान बांधणें ही आमच्या घरांत एक स्वतंत्र विद्या मानली जात असे. वळकटींत काय, ट्रंकेंत काय, फिरकीचा तांब्या कोणाच्या हातीं आणि फराळाचा डबा कोणाच्या मांडीवर, हें सर्व ठरलेलें असे. आगगाडींत वजनाची चौकशी क्वचितच होई. हमालाशीं घासाघीस संपली कीं प्रश्न मिटला. विमानानें ही विद्या पार बदलून टाकली. पुष्पकांत कितीहि मंडळी बसली तरी आणखी एकास जागा उरे असें कीर्तनकार सांगत. तेथें सामान तोलण्याचा कांटा होता असें मात्र कोणाच्या तोंडून आम्हीं ऐकलें नाहीं.

गेल्या फाल्गुनांत आम्ही उभयतां, चिरंजीव व सूनबाई असे चौघे आठ दिवस अंदमानास जाऊन आलों. चिरंजीव व सूनबाई यांनीं मालवणजवळ तारकर्लीस समुद्राखालीं श्वास घेत फिरण्याचें शिक्षण घेतलें आहे. या विद्येस स्कूबा म्हणतात. दुर्योधन द्वैपायन डोहांत जाऊन राहिला तो जलाचें स्तंभन करून. आमच्या मुलांस तें सामर्थ्य नसल्यामुळें हवेचें नळकांडें पाठीस बांधावें लागतें. फ्रान्समध्यें कुस्तो व गान्यां या दोघांनीं १९४३ सालीं अशी झडप सिद्ध केली कीं, पाणबुडा जितका खोल जाईल तितक्याच दाबाची हवा, तो श्वास ओढील तेव्हांच, त्याच्या मुखांत यावी. त्यापूर्वींचा पाणबुडा बहुधा नळीनें जहाजाशीं जखडलेला असे. या झडपेनें तो मोकळा झाला, आणि मोकळा झाला म्हणूनच त्याचें सामान आज विमानांत चढूं लागलें आहे.

हें सामान तेथें भाड्यानें मिळत नाहीं काय, असें आम्हीं पहिल्याच दिवशीं विचारलें. मिळतें, आणि नवशिक्यानें तें भाड्यानेंच घ्यावें. परंतु मुखवटा चेहऱ्यास चपखल बसला नाहीं तर पाणी आंत झिरपतें. शिवाय सूनबाईस चष्मा आहे व तिच्या मुखवट्याच्या कांचा नंबराच्या आहेत. दुसऱ्याच्या चपला घालून देवळापर्यंत जातां येईल, दुसऱ्याचा चष्मा लावून पोथी वाचतां येत नाहीं. श्वासाच्या झडपेचेंहि तसेंच. जिच्यावर प्राण अवलंबून, ती आपल्या हाताखालची व आपण वेळेवर तपासून घेतलेली असावी, हें चिरंजीवांचें म्हणणें आम्हांस पटलें.

तेव्हां ताणकांटा आणून एकेक वस्तु तोलली. ज्याच्या योगें पाणबुडा पाण्यांत अधांतरीं राहतो तें हवेचें जाकीट साडेतीन किलो. झडप व तिच्या नळ्या मिळून अडीच. पायांत घालावयाचे वल्ह्यासारखे पंख दोन. रबरी अंगरखा पावणेदोन. मुखवटा, विजेरी, मनगटावरील गणकयंत्र, सुरी वगैरे किरकोळ मिळून दीड. एका माणसाचें ओझें अकरा किलोंच्या वर गेलें. देशांतील विमानांत साध्या तिकिटावर बहुधा १५ किलो सामान विमानाच्या पोटांत टाकतां येतें व ७ किलो हातांत ठेवतां येतें. म्हणजे कपडे, औषधें व फराळ यांच्या वांट्यास काय उरलें हें वाचकांनींच पाहावें.

नळकांडें मात्र सहसा कोणी नेत नाहीं. अ‍ॅल्युमिनियमचें नेहमींचें नळकांडें रिकामेंच सुमारें १४ किलो भरतें. त्याची पोकळी अकरा लिटरांची. परंतु त्यांत दोनशेंपट दाबानें हवा कोंबीत असल्यामुळें सुमारें २२०० लिटर हवा मावते. ‘हवेस वजन असतें’ हें वर्गांत पटवितांना फुगे व तराजू घेऊन आम्हीं किती खटपट केली असेल! येथें एका नळकांड्यांतील हवाच अडीच किलोंहून अधिक भरते. भरलेलें नळकांडें प्रवाशांस विमानांत नेतां येत नाहीं. उंचावर तें फुटेल म्हणून मनाई आहे असा समज आढळतो, तो बरोबर नाहीं. उतारूंच्या भोंवतालचा दाब उंचावर फार तर पाव वातावरणानें उतरतो. दोनशेंपुढें त्याची काय कथा? खरें भय आगीचें व आघाताचें. रिकामें न्यावयाचें म्हटलें तरी आंत कांहीं नाहीं हें डोळ्यांस दिसावें म्हणून तोंडाची झडप बहुतेक ठिकाणीं काढून ठेवावी लागते. शिशाचीं वजनें व नळकांडें तेथेंच घ्यावीं, हें उत्तम.

उरलेल्या वस्तूंची वांटणी एकाच विचारानें करावी: सामान वाटेंत हरवलें तर कशावांचून अडेल? मुखवटा, झडप व गणकयंत्र हातांत; पंख, जाकीट, अंगरखा व अर्थातच सुरी विमानाच्या पोटांत. विजेरीचें प्रकरण मात्र नाजूक आहे. पाणबुड्याची विजेरी मोठी प्रखर असते. पाण्यांत तिची उष्णता पाणी ओढून घेतें. पिशवींत कळ चुकून दाबली गेली तर कपडे पेटावयास वेळ लागत नाहीं. म्हणून तिची बॅटरी काढून वेगळी ठेवावी आणि विमान कंपनीची परवानगी आधीं घ्यावी. लिथियमच्या सुट्या बॅटऱ्या हातांतील सामानांतच न्यावयाच्या, तोंडांस चिकटपट्टी लावून. १०० वॅट-तासांपर्यंतच्या परवानगीवांचून चालतात, तेथून १६० पर्यंतच्या परवानगीनें. हा नियम प्रथम उलटा वाटतो. धोक्याची वस्तु माणसांजवळ कां ठेवावी? परंतु माणसांजवळ लागलेली आग दिसते व विझवितां येते, पोटांत लागलेली दिसत नाहीं.

आमच्या कुटुंबाचा आक्षेप निराळ्याच नियमास होता. सुकें खोबरें तपासून आंत टाकावयाच्या सामानांत चालत नाहीं, कारण त्यांतील तेलामुळें तें पेट घेण्याजोगें ठरविलें आहे. “सुरी चालते आणि खोबऱ्याची वाटी चालत नाहीं!” असें म्हणून तिनें ती वाटी परत फडताळांत ठेवली व लाडवांचा डबा भरला.

वाटेंतील एका विमानतळावर चिरंजीवांची पिशवी यंत्रांतून जातांच बाजूस काढण्यांत आली. काळ्या नळ्यांचें तें वेटोळें पाहून तेथील तरुण अधिकाऱ्यानें बरीच उलटतपासणी केली. चिरंजीवांनीं ती झडप तोंडांत धरलेलें आपलें छायाचित्र दाखविलें, तेव्हां कोठें सुटका झाली. असें छायाचित्र जवळ ठेवणें हा पाणबुड्यांचा परिपाठच आहे म्हणतात.

पोर्ट ब्लेअर शहराचें नांव सप्टेंबर २०२४ पासून श्री विजयपुरम् असें झालें आहे. विमानतळास स्वातंत्र्यवीर सावरकरांचें नांव आहे. तेथें उतरणाऱ्या मराठी माणसाचे पाय आधीं कोठें वळतात हें सांगावयास नकोच. कारागृहाच्या सात रांगांपैकीं तीन आज उभ्या आहेत. विनायकरावांस १९११ सालीं येथें आणलें, १९२१ पर्यंत ते येथें होते. त्यांचे वडील बंधु बाबारावहि याच भिंतींआड होते. तेथें आम्हीं काय अनुभवलें तें लिहीत नाहीं. त्यावर आमच्याहून समर्थ लेखण्या झिजल्या आहेत.

दुसऱ्या दिवशीं जलद नौकेनें पूर्वींच्या हॅवलॉक बेटावर गेलों. २०१८ सालापासून त्याचें नांव स्वराजद्वीप आहे. ही भूमि इतकी पूर्वेस कीं, पांचच्या सुमारास उजाडतें आणि संध्याकाळची पूजा आटोपण्यापूर्वींच अंधार होतो. पहाटे मुलें नौकेनें निघून जात व आम्ही उभयतां किनाऱ्यावरील सागरी मोहाच्या थोर वृक्षांखालीं बसत असूं. परत आलीं कीं त्यांचीं वर्णनें सुरू होत. पोवळें चोचीनें कुरतडणारा पोपटमासा त्यांनीं इतक्या वेळां वर्णिला कीं, तो आम्हींच पाहिला असें वाटूं लागलें.

परतण्याच्या आदल्या दिवशीं बुडी नाहीं, असें त्यांनीं आरंभापासून ठरविलें होतें. आम्हीं कारण विचारलें. वीस मीटर खोलीवर दाब तिप्पट होतो. त्या दाबानें हवेंतील नत्रवायु रक्तांत व मांसांत विरघळतो. तो पुन्हां बाहेर पडावयास वेळ हवा. दाब एकदम उतरला तर, गोटीसोड्याची गोटी दाबतांच होतें तसें, अंगांत बुडबुडे होतात. बॉइलनें १६७० मध्येंच हवा काढून घेतलेल्या पात्रांतील एका सर्पाच्या डोळ्यांत असा बुडबुडा पाहिल्याचें नमूद केलें आहे. हॉल्डेननें बकऱ्यांवर प्रयोग करून १९०८ सालीं टप्प्याटप्प्यानें वर येण्याचे नियम बसविले. आतां विमानांतील हवेचा दाब हा ८००० फूट, म्हणजे सुमारें २४४० मीटर उंचीवरील दाबाइतका खालीं जाऊं शकतो. आपलें कळसूबाईचें शिखर १६४६ मीटर. समुद्राच्या तळांतून निघून त्याच दिवशीं कळसूबाईच्याहि वर जाऊन बसावें, असा हा प्रकार. अमेरिकेंतील ‘डायव्हर्स अलर्ट नेटवर्क’ या संस्थेनें २००२ सालीं तज्ज्ञ बोलावून मर्यादा ठरविल्या: एकच साधी बुडी झाली असेल तर विमानापूर्वीं निदान १२ तास, अनेक बुड्या किंवा अनेक दिवस बुड्या असतील तर निदान १८, वर येतांना सक्तीचे थांबे घ्यावे लागतील अशा बुड्यांनंतर त्याहून पुष्कळ अधिक.

हें आम्हीं कुतूहलानें ऐकलें होतें. पांचव्या दिवशीं त्याचें काम पडलें. सकाळीं दहा वाजतां सूनबाई त्या दिवसाची दुसरी बुडी संपवून वर आली. बुड्यांचा तो तिसरा दिवस होता. किनाऱ्यावर येतांच आम्हीं तिला सांगितलें कीं सांगलीहून विहीणबाईंचा फोन आला होता. तिच्या आजी, वय ८८, अत्यवस्थ होत्या व नातीचें नांव घेत होत्या. दुपारचें विमान आहे, तिला आजच पाठवा, असा विहीणबाईंचा निरोप.

तिनें मनगटावरील गणकयंत्राकडे पाहिलें. दहा आणि अठरा, म्हणजे पहाटेचे चार. “अण्णा, तुम्हीं सांगा,” एवढेंच ती म्हणाली. आम्हीं म्हटलें, “जाशील तर पहाटेनंतर जा. आईस मी सांगतों.” नौका समुद्राच्या पृष्ठावरूनच जाते, तींत कांहीं अपाय नाहीं, म्हणून दुपारीं सर्वजण शहरांत येऊन राहिलों. त्या रात्रीं कोणी झोपलें नाहीं. दोनदां फोन आले. दुसऱ्या खेपेस तिकडून एक काका बोलत होते. त्यांच्या मतें शेंकडों लोक पोहून विमानांत बसतात. त्यांस आम्हीं सांगितलें कीं, पोहणें निराळें, दाबाखालीं श्वास घेणें निराळें. हेंहि कबूल केलें कीं, त्या विमानानें ती गेली असती तर कदाचित् कांहींच झालें नसतें. परंतु झालें असतें तर सांधे दुखण्यापासून अंग लुळें पडण्यापर्यंत काय झालें असतें हें कोणी सांगूं शकत नाहीं, आणि आकाशांत त्यावरचा उपाय, तें दाबाचें दालन, कोठून आणणार?

आजी पहाटे तीनच्या सुमारास गेल्या. सूनबाई सकाळच्या पहिल्या विमानानें निघाली. चेन्नई, पुणें व तेथून मोटारीनें सांगलीस पोंचली तेव्हां दिवेलागण झाली होती व सर्व आटोपलें होतें. तिच्या माहेरीं या गोष्टीची कुजबूज अद्याप आहे. ज्या घरांत कोणी पाणबुडा असेल त्या घरच्या वडीलधाऱ्यांनीं हे तास तो निघण्यापूर्वींच जाणून घ्यावे; फोनवर, तशा वेळीं, ते समजावून सांगतां येत नाहींत. मालवणाहून बुडी मारून लगोलग आंबोलीचा घांट चढणाऱ्यांसहि हें लागू आहे. आंबोली सुमारें ६९० मीटर उंच आहे, आणि वरील मर्यादा ६१० मीटरांपासूनच्या उंचीसाठीं आहेत.

आम्ही तिघे ठरल्या दिवशीं परतलों. मधल्या दोन दिवसांत अंगरखे गोड्या पाण्यांत धुवून पुरते वाळविले; ओला अंगरखा कांट्यावर भलताच भरतो. पुण्यास आल्यावर विहीणबाईंस आम्हीं सविस्तर पत्र लिहिलें, तासांचा हिशेब मांडून. पंधरा दिवसांनीं उत्तर आलें. त्यांत हिशेबाविषयीं अक्षर नव्हतें. आजीनें नातीसाठीं ठेवलेली नथ कोणाबरोबर पाठवावी, एवढें विचारलें होतें.