कंपवाताचा ताळेबंद

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने वैद्यकावर लिहावे, हे काहींना आगाऊपणाचे वाटेल. परंतु ज्याच्या घरात एक दुखणे आठ वर्षे मुक्कामाला आहे, त्याला त्याचा अभ्यास करण्यासाठी शाखा बदलावी लागत नाही. आमच्या आजोबांना कंपवात आहे. दुकानात येणारी कन्नड गिऱ्हाइके 'अज्जांना नडुक' म्हणतात, डॉक्टर पार्किन्सन म्हणतात. नावे तीन, दुखणे एकच.

१८१७ साली लंडनच्या जेम्स पार्किन्सन या डॉक्टराने या रोगावर एक छोटे पुस्तक लिहिले. त्यात अवघ्या सहा रुग्णांचे वर्णन होते आणि त्यांतील काही तर त्याने रस्त्यात पाहिलेले! हातांचा कंप, वाकलेले शरीर, पुढे झोक जाऊन पडणारी घाईची पावले, सारे त्याने टिपले. कारण मात्र त्याला सापडले नाही. ते सापडायला जवळजवळ दीडशे वर्षे लागली.

मेंदूच्या तळाशी एक काळसर भाग असतो. तेथील पेशी डोपामीन नावाचे द्रव्य तयार करतात आणि त्याच्या जोरावर आपल्या हालचाली सुरळीत चालतात. या पेशी हळूहळू मरू लागल्या, की कंपवात होतो. पण हाताला कंप सुटेपर्यंत निम्म्याच्या आसपास पेशी गेलेल्या असतात. एखादी पेढी भांडवल खाऊन चालावी आणि बाजाराला पत्ता लागू नये, तसेच हे. आमच्या घरी हे भांडवल कधी सरू लागले, ते मला जुन्या खतावण्यांत दिसले. निदान होण्याच्या तीन वर्षे आधीपासून आजोबांचे टपोरे अक्षर ओळीच्या शेवटाकडे बारीक होत गेले आहे. तेव्हा सर्वांनी चष्म्याला दोष दिला होता. अक्षर आक्रसणे हेही या रोगाचे लक्षण आहे, हे आम्हांला फार पुढे कळले.

डोपामीनचा शोध ज्या वाटेने लागला, तिचा एक फाटा आपल्या देशातून जातो. सर्पगंधा ही आपल्याकडची जुनी औषधी. रक्तदाबावरील तिच्या गुणाविषयी मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली इंग्लंडमधील नियतकालिकात लिहिले आणि जगाचे लक्ष तिच्याकडे वळले. तिच्यातून काढलेले रेसर्पिन स्वीडनच्या आर्विद कार्लसन यांनी सशांना दिले, तेव्हा ते जागच्या जागी थिजले. मग लेव्होडोपा टोचताच ते पुन्हा हालचाल करू लागले. हे १९५७ साल. १९६० मध्ये व्हिएन्नात एहरिंगर व होर्निकिएविच यांनी मृत रुग्णांचे मेंदू तपासले आणि त्यांत डोपामीनची मोठी तूट दाखवून दिली. १९६७ साली अमेरिकेत जॉर्ज कोट्झियास यांनी लेव्होडोपाची मात्रा सावकाश वाढवत नेली व अनेक रुग्ण सुधारले. कार्लसन यांना २००० साली नोबेल पारितोषिक मिळाले.

आमच्या घरातला पेच मात्र लेव्होडोपाच्याच दुसऱ्या रूपाने आला. खाजकुयलीच्या बियांत लेव्होडोपा असते. मद्रासच्या दामोदरन व रामस्वामी यांनी ते १९३७ सालीच या बियांतून वेगळे काढले होते. गेल्या वर्षी एका नातलगांनी या बियांचे चूर्ण आणून दिले. म्हणाले, "आपली नसुगुन्नी असताना विलायती गोळ्या कशाला? बंद करा." गोळ्यांचा महिन्याचा खर्च बाबांनाच ठाऊक. त्यांचे मन डळमळले.

मी डॉक्टरांना विचारले. ते चूर्णाला हसले नाहीत. त्यांनी एवढेच सांगितले, की चूर्णात लेव्होडोपा किती आहे ते कोणी मोजलेले नसते, गोळीत ते मोजून घातलेले असते. शिवाय गोळीत कार्बिडोपाची जोड असते. त्यामुळे औषध वाटेत खर्ची न पडता मेंदूपर्यंत अधिक पोचते आणि मळमळ कमी होते. गोळ्या एकाएकी तोडल्या तर जिवावर बेतू शकते. घरी येऊन मी हे सर्व आजोबांपुढेच मांडले, कारण शरीर त्यांचे होते. ते अडखळत, पण ठामपणे म्हणाले, "तराजूत न घातलेला माल मी कधी विकला नाही. मग पोटात कसा घालू?" पुडी फळीवर गेली.

तरीही गोळी म्हणजे उसनवारीच. ती तूट भरते, मरणाऱ्या पेशी वाचवत नाही. काही वर्षांनी तिचा असर लवकर ओसरतो, अंग आपोआप वेडेवाकडे हलू लागते. हे त्या उसनवारीचे व्याज, आणि आजोबा आता ते भरत आहेत. पेशी का मरतात, याचे काही धागे हाती आले आहेत. १९९७ साली अल्फा-सिन्यूक्लिन या प्रथिनाच्या जनुकातील दोष एका इटालियन वंशाच्या कुटुंबात सापडला, आणि रुग्णांच्या पेशींत साचणाऱ्या गोळ्यांत हेच प्रथिन असल्याचेही त्याच वर्षी दिसले. काही कीटकनाशकांवरही संशय आहे. पण पेशींचे मरण निश्चितपणे थांबवणारे औषध अजून निघालेले नाही.

दुकानाचे हिशेब आता मी लिहितो. आजोबा समोर बसून बेरजा तोंडी तपासतात आणि त्यांची बेरीज बहुधा माझ्याआधी होते. जेवणाच्या अर्धा तास आधी गोळी द्यायची, कारण डाळी-दुधातील प्रथिने तिची वाट अडवतात, एवढे वैद्यक मला जमते. पुढचे काम विज्ञान शाखेतल्या मित्रांचे. तुमच्यापैकी कोणी त्या प्रयोगशाळेपर्यंत पोचलात, तर तेथे शिल्लक राहिलेली बाकी आमच्यासारख्या पुष्कळ घरांच्या नावे मांडलेली आहे, एवढे ध्यानात असू द्या.