मागच्या गाडीचा ब्रेक

मोटरहोम घेऊन अमेरिका फिरायची तर मागे एक छोटी गाडी लागतेच. बत्तीस फुटी घर एकदा आरव्ही पार्कमध्ये वीज-पाणी जोडून उभं केलं की दूध-भाजी आणायला ते पुन्हा कोण हलवणार? सॅन होजेला २०२४ साली बृहन्महाराष्ट्र मंडळाचं अधिवेशन झालं, तेव्हा मोटरहोम गावाबाहेर ठेवून आम्ही रोज छोट्या गाडीनंच ये-जा केली. ती गाडी म्हणजे २०१४ची होंडा सीआर-व्ही. चारही चाकं रस्त्यावर टेकवून ओढता येतील अशा ऑटोमॅटिक गाड्या फार नाहीत. सीआर-व्हीसुद्धा २०१५च्या मॉडेलपासून त्या यादीतून बाहेर पडली, कारण तिला सीव्हीटी गिअरबॉक्स आला. त्यामुळे जुनी असूनही आम्ही ही मुद्दाम शोधून घेतली.

टो बार, बेसप्लेट, साखळदंडाऐवजी लावायच्या सेफ्टी केबल हे सगळं भराभर ठरलं. अडलं ते ब्रेकवर. मोटरहोम विकणाऱ्यानं सांगितलं, "तुमची गाडी दहा टनांची. मागे काही जोडलंय हे तुम्हाला कळणारसुद्धा नाही." हे वाक्य नंतर मी अनेक आरव्ही पार्कांत, अनेकांच्या तोंडून ऐकलं. ते खरंही आहे, पण ते इंजिनाबद्दल खरं आहे. ओढताना न जाणवणारं वजन थांबवताना कुठे नाहीसं होत नाही.

मी कर्जतची. वडील रेल्वेत होते. घाट चढायला गाडीला मागून बँकर इंजिनं लागतात ती बघायला गर्दी व्हायची, पण वडिलांच्या बोलण्यात नेहमी उतरणारी गाडी असायची. खाली सोडण्याआधी ब्रेक तपासलेच पाहिजेत, त्यात सूट नाही, हे मी लहानपणापासून ऐकत आले. घाटात ब्रेक न लागलेली गाडी वळवून चढावर घालायला जशी कॅच सायडिंग असते, तसे इथल्या डोंगरी महामार्गांवर ट्रकांसाठी खडीचे चढते रॅम्प असतात. ते पहिल्यांदा दिसले तेव्हा काय आहे हे मला कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

तेव्हा कागद घेऊन बसले. आमचं मोटरहोम फोर्डच्या एफ-५३ चासीवर आहे. भरलेल्या गाडीची कमाल मर्यादा २२,००० पौंड, मागच्या गाडीसकट २६,०००. सीआर-व्ही साधारण ३,५०० पौंडांची, म्हणजे १,६०० किलोच्या आसपास. वजनात सोळा टक्के भर. ब्रेकची ताकद तेवढीच राहिली तर थांबायला लागणारं अंतरही त्याच प्रमाणात वाढतं. एकटं मोटरहोम २०० फुटांत थांबत असेल असं धरलं, तर गाडीसकट ते २३२ फुटांवर थांबेल. ते वरचे ३२ फूट म्हणजे सिग्नलला उभ्या असलेल्या दोन गाड्या, आणि त्यांत बसलेली माणसं.

कायदा प्रत्येक राज्याचा वेगळा. बऱ्याच राज्यांत ३,००० पौंडांच्या पुढे ओढलेल्या वाहनाला स्वतःचा ब्रेक लागतो, काही ठिकाणी १,५०० पासूनच. फोर्डच्या टोइंगविषयीच्या सूचनांतही १,५०० पौंडांवर स्वतंत्र ब्रेक हवा असं स्पष्ट लिहिलेलं आहे. हिचवर ५,००० पौंडांचा आकडा असतो, त्यावर पुष्कळ जण विसंबतात. पण तो आकडा ओढण्याचा आहे, थांबवण्याचा नाही.

ब्रेक घ्यायचा हे पक्कं झालं, तरी कुठला हा प्रश्न उरलाच, आणि इथे ओढल्या जाणाऱ्या गाडीचं इंजिन बंद असतं ही गोष्ट कळीची ठरते. आपण रोज ब्रेकवर अलगद पाय ठेवतो आणि गाडी थांबते, ती ब्रेक बूस्टरमुळे. त्याला लागणारा व्हॅक्यूम सीआर-व्हीसारख्या पेट्रोल गाडीत इंजिन पुरवतं. इंजिन बंद करून पेडल दोन-तीनदा दाबून बघा, पुढच्या वेळी ते दगडासारखं लागेल. मागच्या गाडीत पेडल दाबणारं यंत्र बसवायचं तर त्याला एकतर या कडक पेडलावर भरपूर जोर लावावा लागतो, नाहीतर बूस्टरला व्हॅक्यूम पुरवण्याची वेगळी सोय करावी लागते.

पहिला प्रकार सुट्या डब्याचा. ब्रेक बडी किंवा रोडमास्टरचा इव्हन ब्रेक ही त्यातली ओळखीची नावं. डबा ड्रायव्हरच्या पायाशी ठेवायचा, सीट पुढे ओढून त्याला मागून टेकू द्यायचा, दांडा पेडलला अडकवायचा आणि वायर बारा व्होल्टच्या सॉकेटमध्ये खोचायची. मोटरहोमचा वेग कमी झाला की डब्याला ते कळतं आणि दांडा पेडल दाबतो. गाडी बदलली तर डबा नव्या गाडीत जातो, हा त्याचा मोठा गुण. शेजारच्या पार्किंगमधल्या एका जोडप्यानं आम्हाला तो लावून दाखवला. काम चोख होतं. पण मी बघत होते त्या काकांच्या पाठीकडे. गाडीत अर्धं शिरून, वाकून, मान तिरकी करून ते पेडलची पकड घट्ट करत होते. माझ्या नवऱ्याचा गुडघा बदललेला आहे. म्हणजे रोज सकाळी हे मी करणार, आणि मला ताप असेल त्या दिवशी ते होणारच नाही. शिवाय पाऊस, अंधार, मागे हॉर्न देणारा कुणीतरी, अशा वेळी 'आज जवळच तर जायचंय' म्हणून डबा डिकीतच राहील. माणसाच्या आठवणीवर आणि कंबरेवर अवलंबून असलेला ब्रेक मला नको होता.

दुसरा प्रकार टो बारमधूनच चालतो. मोटरहोम मंदावलं की मागची गाडी पुढे रेटते, त्या रेट्यानं एक केबल ओढली जाते आणि पेडल दाबलं जातं. वीज लागत नाही, भाग मोजके, किंमत कमी. सपाट मुलखात फिरणाऱ्याला मी तो खुशाल सुचवीन. पण लांब उतारावर मोटरहोम खालच्या गिअरमध्ये इंजिनाच्या जोरावर धरलेलं असतं, तेव्हाही मागची गाडी रेटतच असते. म्हणजे आपला पाय ब्रेकवर नसतानाही तिचे ब्रेक घासत राहण्याची शक्यता. आम्हाला कोलोरॅडोला जायचं होतं, म्हणून हा बाद.

तिसरा हवेवर चालणारा, एअर फोर्स वनसारखा. मोटरहोमच्या एअर ब्रेकमधली हवा घेऊन तो मागे त्याच प्रमाणात ब्रेक लावतो. पुढे हलका तर मागे हलका, पुढे करकचून तर मागेही. मोठी डिझेल मोटरहोम असणाऱ्यांनी दुसरीकडे बघूच नये असं माझं मत आहे. आमच्या गाडीला हायड्रॉलिक ब्रेक, त्यामुळे तो विषयच नव्हता.

आम्ही घेतला कायमचा बसवायचा, स्टे-इन-प्ले ड्युओ. यंत्र आत दडवलेलं असतं, पेडलला केबल जोडलेली असते आणि त्यातला पंप बूस्टरला व्हॅक्यूम पुरवतो, त्यामुळे पेडल इंजिन चालू असल्यासारखं मऊ राहतं. तो दोन गोष्टी जुळल्याशिवाय कामाला लागत नाही: मोटरहोमचा ब्रेक लाइट लागलेला हवा आणि गाडीचा वेग खरोखर झटक्यानं उतरत असायला हवा. नुसता पाय टेकवला किंवा रस्त्याच्या सांध्यावर धक्का बसला तर तो हलत नाही. एअर ब्रेकच्या जातीसारखा तो पुढच्या ब्रेकच्या प्रमाणात दाबत नाही, जोर आधी ठरवून ठेवावा लागतो. एवढी उणीव मी जाणूनबुजून पत्करली. बदल्यात सकाळी करायचं काय, तर एक विजेची केबल आणि एक पिनची तार जोडायची. कुणी वाकायचं नाही, विसरायला काही उरत नाही.

ही पिन म्हणजे ब्रेकअवे स्विच. गाडीच्या तोंडाशी एक छोटा स्विच, त्यात पिन, पिनला तार, तारेचं दुसरं टोक मोटरहोमला. टो बार तुटून गाडी सुटली तर तार पिन उपसते आणि गाडी स्वतःचा ब्रेक स्वतः लावते. मोटरहोमचे ब्रेक कितीही दणकट असोत, सुटलेल्या गाडीला ते थांबवू शकत नाहीत. माझ्या लेखी सगळ्या खरेदीतली ही सर्वांत मोलाची वस्तू. तार टो बारला न बांधता मोटरहोमलाच बांधायची, कारण टो बारच निखळला तर त्याच्याबरोबर तारही जाईल. वळणावर ताणली जाणार नाही इतकी सैल हवी, आणि रस्त्यावर घासणार नाही इतकी आखूड.

गॅरेजमध्ये मी दार उघडून पायाशी टॉर्च धरला आणि नवऱ्याला पुढे पिन ओढायला सांगितलं. टक् असा आवाज झाला, पंप घरघरला, आणि कुणाचाही पाय नसताना पेडल सरळ खाली गेलं आणि तिथेच राहिलं. मागे लाल दिवे लागले. गाडी ढकलून पाहिली, तसूभर हलली नाही. पिन परत खोचली तेव्हा पेडल हळूच वर आलं. एवढं बघितल्यावरच मी बिल मागितलं. यंत्र आणि मजुरी धरून दीड हजार डॉलरच्या वर गेलं, ते मला जड वाटलं नाही.

पुढे आयसेनहॉवर बोगदा आला. समुद्रसपाटीपासून ११,१५८ फूट. तिथून सिल्व्हरथॉर्नपर्यंत रस्ता दोन हजार फुटांहून जास्त उतरतो, शंभराला सहा-सात फुटांच्या उतारानं. भोर घाटात रेल्वेचा उतार ३७ला १, म्हणजे हा त्याच्या दुपटीहून तीव्र. एवढ्या उतारात एकट्या सीआर-व्हीच्या वजनातून निघणारी ऊर्जा अडीच युनिट विजेहून जास्त भरते. थोडी हवा आणि टायर खातात, बाकीची कुठेतरी उष्णता होऊनच जायची. मी टो-हॉलचं बटण दाबून खालच्या गिअरमध्ये सावकाश उतरले, मधूनमधून ठाम ब्रेक मारून लगेच सोडत. डॅशबोर्डवर एक लाल ठिपका बसवून घेतला आहे. तो मागच्या गाडीच्या ब्रेक स्विचवरून येतो, म्हणजे तिचं पेडल दबलं की लागतो. ठाम ब्रेकला लागत होता, पाय उचलताच विझत होता. खाली थांबल्यावर तापमान मोजायची बंदूक चाकांवर धरली. सीआर-व्हीच्या पुढच्या डिस्क गरम होत्या, मोटरहोमच्या त्याहून पुष्कळ जास्त. मला हेच हवं होतं: मागच्या ब्रेकनं मदत केली होती, ओझं वाहिलं नव्हतं.

तो ठिपका लावायला विसरू नका. लागलेला ब्रेक सुटलाच नाही तर तेही तितकंच धोक्याचं. मोटरहोमच्या इंजिनाला मागची गाडी घासत येत असल्याचं समजत नाही. डिस्क लाल होतात, टायर पेटू शकतो, आणि आपण पुढे गाणी ऐकत असतो. मागच्या गाडीची बॅटरी मोटरहोमवरून चार्ज होत राहील अशी वायरही ओढून घ्या. ओढताना सीआर-व्हीची किल्ली स्टिअरिंग मोकळं राहावं म्हणून पहिल्या खाचेत ठेवावी लागते, त्यात पंपाची भर पडते, आणि बॅटरी संपली की ब्रेकही संपला.

कुठलाही प्रकार घ्या, तुमच्या गाडीला आणि तुमच्या शरीराला झेपेल तो घ्या. पण गॅरेजवाल्याला पैसे देण्याआधी पिन स्वतःच्या समोर ओढायला लावा आणि पेडल खाली जाताना डोळ्यांनी पाहा. नंतर दर मोसमाच्या पहिल्या प्रवासाआधी पुन्हा एकदा. पाच मिनिटंसुद्धा लागत नाहीत.