छोटा लॅपटॉप पुरेल काय?

मध्य प्रदेश मंडळाच्या बारावीत ७५ टक्के मिळवणाऱ्यांना शासन लॅपटॉपसाठी २५,००० रुपये देते. ती रक्कम जमा झाली की शिवाजी नगरातील आमच्या घरी पालक सल्ल्यास येतात. परवा एका मातेने विचारले, "सर, छोटा घेतला तर चालेल ना? उरलेल्या पैशांत वसतिगृहाची अनामत भागेल."

२०२३ साली ११.६ इंची जिओबुक १६,४९९ रुपयांस निघाले. वजन किलोहून कमी, स्मृती ४ जीबी. मुलगी इतिहास घेऊन बी. ए. करणार. टंकलेखन, टिपणे, व्याख्याने यांस एवढे पुष्कळ. अभियांत्रिकीची रेखाचित्रे असती, तर आम्ही स्पष्ट नकार दिला असता. अशा यंत्रांची स्मृती बहुधा मागाहून वाढवता येत नाही. लहान पडद्यावर जोडाक्षरे बारीक दिसतात खरी, पण ते दुखणे आमच्या चष्म्याचे! अनामत भरण्यास आम्ही संमती दिली.