खोटा मासा

मासे धरणाऱ्या माणसावर आपल्या मराठी भाषेने मोठा अन्याय केला आहे, असे मला नेहमी वाटते. शेतकऱ्याची नांगरणी आणि पेरणी तिने किती आदराने उचलली! मनाची मशागत होते, विचारांची पेरणी होते. परंतु गळाची आठवण तिला होते ती केवळ लबाडीच्या प्रसंगी. एखादा भोळा गृहस्थ ठकाच्या हाती सापडला की तो 'गळाला लागला'; कोणी कोणाला पैसे चारून वश केले की त्याने 'आमिष दाखवले'. काठावर तासन् तास बसणाऱ्या माणसाची चिकाटी, त्याची स्तब्धता, पाण्याच्या एका बारीक सुरकुतीवरून खालची हालचाल ओळखणारी त्याची नजर यांपैकी कशाचीही भाषेने दखल घेतलेली नाही.

आणि मी तर या लबाडीतलीही लबाडी पत्करली आहे. गांडूळ किंवा कणकेचा गोळा लावणारा मनुष्य माशाला निदान खरा घास तरी देऊ करतो. माझ्या गळावर असतो तो चार बोटे लांबीचा, रबरासारख्या मऊ प्लॅस्टिकचा, रंगवलेल्या डोळ्यांचा खोटा मासा! शाळेतून निवृत्त झाल्यावर मी हा उद्योग सुरू केला, तेव्हा आमच्या घरातून पहिला अभिप्राय आला तो असा: "अहो, नातवाने खेळणी मागायची की आजोबांनी?"

खेळणी नातवाचीच होती, हे मात्र खरे. माझा मुलगा अमेरिकेत, टेक्सास प्रांतात असतो. तेरा वर्षांचा नातू दोन वर्षांपूर्वी सुट्टीत कोल्हापूरला आला तो कप्प्याकप्प्यांची एक पेटी घेऊन. त्याचे मराठी तुटक आणि माझे इंग्रजी पुस्तकी. त्यामुळे पहिले दोन दिवस आम्ही एकमेकांकडे पाहून नुसते हसत होतो. तिसऱ्या दिवशी त्याने पेटी उघडली, न्हाणीघरात बादली भरली, एक मासा दोऱ्याला बांधून पाण्यात ओढला आणि म्हणाला, "आजोबा, शेपूट बघा." पायताणाच्या तळव्यासारखी टोकाला रुंद झालेली ती शेपटी डावी-उजवीकडे हलत होती आणि तिच्यामागे सगळे अंग लयीत डोलत होते. त्या क्षणापासून आम्हा दोघांना बोलायला विषय मिळाला.

असले पोहणारे मासे अमेरिकेत मुख्यतः बास नावाच्या माशासाठी वापरतात. बास हा शिकारी मासा. तोंड मोठे, भूक त्याहून मोठी. कॅलिफोर्नियातील काही तलावांत हौशी लोकांसाठी ट्राउट जातीचे मासे आणून सोडत. बासने ते खाऊन खाऊन आपले वजन असे वाढवले की गांडुळाएवढ्या घासाकडे तो ढुंकून पाहीना. तेव्हा, गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत, तिथल्या लोकांनी वीतभर लांबीचे, ट्राउटसारखे रंगवलेले लाकडी मासे घडवले. मऊ मासे आणि सांध्यासांध्यांत वळणारे मासे या दोन्ही घराण्यांचा विस्तार तिथे झाला.

पण या कल्पनेचे मर्म मला सापडले ते फिनलंडमधल्या एका गरीब मच्छीमाराच्या कथेत. त्याचे नाव लाउरी रापाला. आपल्या होडीतून पाण्यात पाहताना त्याच्या लक्षात आले की लहान माशांचा थवा चालला असता मोठा मासा त्यांतल्या कोणावरही झडप घालत नाही. जो जरासा वेगळा, किंचित लंगडत पोहतो, त्यालाच तो नेमका वेचतो. १९३६ साली रापालाने बुचाचा एक मासा कोरला, त्याला चॉकलेटच्या वेष्टनाची चांदी गुंडाळली, छायाचित्रांच्या जुन्या फिती वितळवून वर लेप दिला आणि तो अशा रीतीने घासला की ओढताना तो लंगडावा. खोटेपणाचे यश हुबेहूब रूपात नाही, ते चालीत आहे, हे त्या माणसाने ओळखले. नटाला आणि कादंबरीकाराला जे सांगावे लागते, तेच!

हे सगळे परदेशी कौतुक आहे, असे मात्र कोणी समजू नये. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ रचला. राजाने राज्य कसे करावे येथपासून त्याने काय खावे व कोणत्या विनोदांत मन रमवावे येथपर्यंतचे सारे विषय त्यात आहेत, आणि त्या विनोदांत 'मत्स्यविनोद' हे एक स्वतंत्र प्रकरण आहे. माशांच्या जाती, त्यांना आवडणारे खाणे, गळ टाकण्याची रीत या सर्वांचा विचार राजाने शास्त्राच्या गांभीर्याने केला आहे. सोमेश्वराचा पिता सहावा विक्रमादित्य याने आपल्या शेजारच्या कऱ्हाडच्या शिलाहारांची राजकन्या चंद्रलेखा वरली होती, म्हणजे हे घराणे आपल्या परक्याचे नव्हे. ज्या करमणुकीला सम्राटाने प्रकरण वाहिले, ती निवृत्त शिक्षकाने केली तर घरच्या मंडळींनी हसण्याचे कारण नाही, एवढेच मी त्या ग्रंथाच्या आधारे सुचवून पाहिले. उपयोग झाला नाही.

कोल्हापुरात बास नाही, आणि नसावा. १९२५ साली जपानमधील आशी सरोवरात तो मुद्दाम आणून सोडला गेला. पुढे तो देशभर पसरला, तिथल्या मूळच्या लहान माशांवर त्याने संक्रांत आणली, आणि शेवटी त्याला आवरण्यासाठी जपानला कायदा करावा लागला. गंमत पाहा: १९३२ साली अमेरिकेतल्या जॉर्जिया प्रांतात धरलेल्या सुमारे दहा किलोच्या बासचा जागतिक विक्रम सत्त्याहत्तर वर्षे अबाधित होता, २००९ साली त्याची बरोबरी केली ती जपानमधल्याच बिवा सरोवरातील बासने. पाहुणा घरधन्याहून पुष्ट झाला! आपल्याकडेही १९५२ साली आणलेला, मूळचा आफ्रिकेतला तिलापिया आज चिलापी या घरगुती नावाने तळ्यातळ्यांत नांदतो आहे आणि त्याने किती जागा व्यापली हे कोणत्याही मच्छीमाराला विचारावे.

तेव्हा नातवाच्या पेटीला आपल्या पाण्यातला गिऱ्हाईक शोधणे भाग होते, आणि तो शोधायला दूर जावे लागले नाही. आपली मरळ हीच आपली बास. तीच दबा धरून बसण्याची वृत्ती, तीच पाणवनस्पतींच्या कडेची जागा, तोच एका झेपेचा मारा. शिवाय तिचा एक विशेष बासमध्ये नाही: मरळ हवेत श्वास घेते. थोड्याथोड्या वेळाने ती पृष्ठभागावर येते, एक घोट हवा घेते आणि खाली जाते. पाण्यावर उमटलेले ते एक वर्तुळ ज्याला ओळखता आले, त्याला मरळीचे घर सापडले.

शहराबाहेरच्या ज्या तळ्यावर आम्ही जात असू, त्याचा ठेका तिथल्या मच्छीमार संस्थेकडे आहे. नवशिक्याने गळ उचलण्याआधी अशा संस्थेची परवानगी घ्यावी. कारण आपली करमणूक हा तिथे दुसऱ्याचा संसार असतो. तिथल्या एका वृद्ध मच्छीमाराने आमची पेटी उलटसुलट करून पाहिली आणि जे सांगितले ते कोणत्याही पुस्तकात मला मिळाले नाही. "मासा येडा न्हाई, गुरुजी. घाईनं पळतंय ते त्येला परकं वाटतंय. हाताला घाई नको."

नातवाचे शिक्षणही हेच होते. त्याच्या मते आरंभ मोठ्या आमिषाने करू नये. तीन-चार इंच लांबीचा, एका गळाचा मऊ मासा घ्यावा. गळाचे टोक माशाच्या पाठीत किंचित दडवावे, म्हणजे शेवाळ अडकत नाही. वजन पोटाशी असावे, म्हणजे मासा सरळ पोहतो. काठी अगदी लवचीक नसावी, नाहीतर पानवेलींतून मरळ ओढून काढता येत नाही. आमिष झटक्याने भिरकावू नये, झोका दिल्यासारखे सोडावे. ते पाण्यात पडले की मनातल्या मनात आकडे मोजावेत आणि प्रत्येक वेळी किती आकड्यांवर ते तळाशी टेकते हे ध्यानात ठेवावे. तळ्याची खोली कळण्याचा याहून स्वस्त उपाय नाही. मग रीळ इतक्या संथपणे फिरवावे की शेपटी जेमतेम हलत राहील. त्या शेपटीची टकटक दोऱ्यातून, काठीतून, तळहाताला कळते. ती थांबली तर शेवाळ लागले. ती जड झाली तर मासा लागला. अशा वेळी दचकून हिसका देण्याचा मोह होतो. तो आवरून दोन वेढे आणखी गुंडाळावेत, माशाचे पुरते वजन हाताला जाणवू द्यावे आणि मगच काठी निश्चयाने उचलावी.

पण या सर्वांआधी त्याने मला अर्धा तास एकच काम दिले होते: काठाजवळच्या उथळ, स्वच्छ पाण्यात तो मासा पायापाशी ओढायचा आणि पाहत राहायचे. केव्हा तो खरा वाटतो, केव्हा चिंधी वाटतो, हे आधी आपल्या डोळ्यांना पटले पाहिजे. जन्मभर मुलांना शिकवले. पण शिष्याने आधी नीट पाहावे एवढ्यासाठी त्याला अर्धा तास मोकळा ठेवण्याचे धैर्य शाळेच्या वेळापत्रकात कधी सापडले नव्हते. गांडूळ लावणाऱ्याचे बरेचसे काम गांडूळ करते. खोटा मासा लावणाऱ्याला त्या मेलेल्या वस्तूत स्वतः जीव घालावा लागतो, आणि त्यासाठी जिवंत मासा कसा पोहतो, कशाला भितो, उन्हात कोठे जातो हे सगळे जाणून घ्यावे लागते. फसवण्याकरिता का होईना, पण सत्याचा इतका अभ्यास दुसऱ्या कोणत्या लबाडीत करावा लागतो?

जुलैच्या एका सकाळी पाऊस उघडला होता. पानवेलींच्या कडेला पाण्यावर तांबूस ठिपक्यांचा एक पुंजका थरथरताना दिसला. वृद्ध मच्छीमार म्हणाला, "मरळीची पिल्लं. खाली दोघं असत्यात, आई आन् बाप. तिथं टाका, न चुकता घेतंय."

तो खरे सांगत होता. मरळ अंड्यांची आणि पिलांची राखण करते. त्या काळात जवळ आलेल्या कोणत्याही वस्तूवर ती तुटून पडते. नातवाने झोका देण्यासाठी काठी मागे नेली आणि तो तसाच थांबला. "आजोबा," तो म्हणाला, "तिला भूक नाही लागली, बरोबर?"

"नाही," मी म्हणालो. "तिला वाटेल, पिलांना खायला कोणी आले."

त्याने थोडा विचार केला. तिकडे बासचे बाबा घरट्यावर पहारा करतात, असे त्याने मला सांगितले. काही लोक तेव्हा आमिष टाकतात, काही टाकत नाहीत, आणि त्यावरून त्यांची भांडणे होतात. "तुझे बाबा?" मी विचारले. "बाबा नाही टाकत," तो म्हणाला. त्याने काठी खाली ठेवली. आम्ही तिघे काठावर बसून ते तांबडे ठिपके पाहत राहिलो. मध्येच त्यांच्याखाली एक काळी पाठ वळली आणि पाण्यावर एक वर्तुळ उमटले.

इतक्या दूर, इतकी वर्षे राहिलेला माझा मुलगा काय करतो आणि काय करत नाही, हे मला त्या सकाळी थोडे अधिक कळले. भुकेला फसवणे हा शिकारीचा धर्म आहे. मायेला फसवणे हा नव्हे. गळ टाकणाऱ्याच्या नीतीची सारी चर्चा मला या एका रेषेपाशी आणून सोडते. मी मासे खाणारा आहे आणि पोटापुरती एखादी मरळ घरी आणण्यात मला संकोच वाटत नाही. परंतु पिलांवरची मरळ आम्ही सोडून देतो, आणि पावसाळ्यात नदीतून ओढ्याकडे चढणाऱ्या, अंड्यांनी भरलेल्या माशांना वाटेत अडवणाऱ्यांची चढाओढ पाहिली की मला तो पुंजका आठवतो.

माणसाच्या हातून होणाऱ्या फसवणुकीत गळ ही फार लहान गोष्ट आहे. आपल्या पंचगंगेच्या पात्रात मेलेल्या माशांचा खच पडल्याच्या बातम्या कोल्हापूरकरांनी गेल्या काही वर्षांत अनेकदा वाचल्या आहेत. मैला आणि कारखान्यांचे सांडपाणी पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकते. वर येऊन हवा घेणारी मरळ कदाचित काही काळ तगेल, पण पाण्यातच श्वास घेणाऱ्या इतर माशांना ती सोय नाही. त्यांना कोणी आमिषही दाखवलेले नसते. उलट माझ्या पेटीतला मासा पाहा. तो कुजत नाही. दोरा तुटून तो तळाशी राहिला तर वर्षानुवर्षे तसाच राहील, रंगवलेल्या डोळ्यांनी वर पाहत. म्हणून अडकलेले आमिष सोडवण्यासाठी मी गुडघाभर पाण्यात उतरतो आणि फाटलेला मासा खिशात घालून घरी आणतो. ज्या पाण्यात खरा मासा उरला नाही, तिथे खोट्याला तरी कोण विचारणार?

पेटी आता माझ्याकडेच आहे. दर रविवारी रात्री टेक्सासहून फोन येतो. नातवाचे मराठी या दोन वर्षांत पुष्कळ सुधारले आहे. मासा मिळाला का, हे तो नंतर विचारतो, त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "आजोबा, पाणी कसं आहे?"